आतून दिलेला हात

"उद्या दुपारी दोन ते तीन वहिनीला फोन करू नकोस. काहीही झालं तरी."

दादा मला हे म्हणाला, तेव्हा मी हसले होते.

"का रे? एवढं काय चाललंय तुम्हा नवरा-बायकोचं?"

तो हसला नाही. माझा सख्खा मोठा भाऊ, माझ्या फालतूतल्या फालतू विनोदालाही दाद देणारा. नुसतं एवढंच म्हणाला, "नको करूस. ऐक माझं."

मी "बरं बरं" म्हटलं आणि विसरून गेले.

तुम्ही या पानावर भुताखेतांचं बरंच काही वाचता. मीही वाचते, मुलगी मांडीवर झोपलेली असते तेव्हा. खोटं आहे हे मनात पक्कं असतं, म्हणूनच वाचवतं. ही घटना खोटी असती तर बरं झालं असतं. ती माझ्या भावाच्या आणि वहिनीच्या बाबतीत घडली आहे. तेव्हा रात्र नव्हती. पाऊस नव्हता. वीजही गेली नव्हती. सुट्टीचा दिवस होता, आणि भर दुपारचे दोन वाजले होते.

मी स्वतः तिथे नव्हते. वहिनीने मला सगळं तीन वेळा सांगितलं. तिन्ही वेळा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. म्हणून तिच्याच जागेवर उभी राहून सांगते.

दादा आणि वहिनी एकाच कारखान्यात कामाला. तिथे गाड्या बनतात, पण तुमच्या-माझ्यासाठी नाही. वेगवेगळ्या देशांच्या प्रमुखांसाठी. बाहेरून लांबलचक, काळी, चकचकीत गाडी. आत मात्र सगळी पोलादाची. एकेका दाराचं वजन दोन माणसांएवढं. काच चार बोटं जाड. गोळी लागो, बॉम्ब फुटो, विषारी वायू सोडो कुणी, आतल्या माणसाच्या केसालाही धक्का लागता कामा नये.

वहिनी तिथे शिवण विभागात. गाड्यांच्या सीटचं चामडं शिवते.

"देशोदेशीचे साहेब माझ्या शिलाईवर बसतात," ती दादाला ऐकवायची, "आणि घरी तुम्ही माझ्या उशीला नावं ठेवता!"

"त्या साहेबांना उशी मिळाली नाही ना अजून तुझ्या हातची, म्हणून गप्प आहेत," दादा म्हणायचा.

असं हसतं-खेळतं घर होतं ते.

दादाचं काम शेवटचं. गाडी पूर्ण झाली की तिची 'श्वास-तपासणी' होते. गाडीभोवती प्लास्टिकचा तंबू ठोकतात. एक माणूस आत मागच्या सीटवर बसतो. दारं बंद. आतून कुलूप. मग तंबूत पांढरा धूर सोडतात. तासभर. धुराचा एक कणही आत शिरला नाही पाहिजे. आतल्या माणसाजवळ हवेची टाकी असते. ती तो स्वतः सुरू करतो.

आता मुख्य गोष्ट. या गाडीतून आवाज बाहेर येत नाही. अजिबात नाही. आत कुणी घसा फोडून ओरडलं तरी बाहेरच्याला कळणार नाही. वायरलेसही चालत नाही, एवढं पोलाद. शिवाय काच काळी, आणि बाहेर धूर. काचेला चिकटलेली वस्तू तेवढी दिसते. बाकी सगळा अंधार.

म्हणून तिथे एक पद्धत आहे. तिला 'हात देणं' म्हणतात.

दर पाच मिनिटांनी बाहेरचा माणूस काचेवर पंजा टेकवतो. आतला माणूस त्याच जागी आतून पंजा टेकवतो. याचा अर्थ, मी ठीक आहे. मग बाहेरचा तक्त्यावर खूण करतो. तासाला बारा हात, बारा खुणा. आतून हात आला नाही, तर बाहेरच्याने दार फोडायलाही मागेपुढे बघायचं नाही. बाहेरून हात आला नाही, तर आतल्याने खटका ओढून लगेच बाहेर पडायचं.

आणि बाहेरच्याने जागा सोडायची नाही. छप्पर कोसळलं तरी.

आत बसायचं काम एका वयस्कर गृहस्थांचं होतं. सगळे त्यांना पाणबुडेकाका म्हणत, कारण ते आत जाताना पाण्यात बुडी मारल्यासारखा गाल फुगवून श्वास घ्यायचे आणि डोळा मिचकावायचे. बावीस वर्षं हेच काम. बाहेर नेहमी दादा. दोघांची जोडी ठरलेली.

त्या सुट्टीच्या दिवसाआधी अकरा दिवस, एका नव्या गाडीची तपासणी होती.

काका आत बसले. डोळा मिचकावला. दार बंद झालं.

दादाने दर पाच मिनिटांनी हात दिला. दर पाच मिनिटांनी आतून हात आला. बाराच्या बारा. तक्ता पूर्ण झाला. धूर काढला. दादाने बाहेरची आणीबाणीची किल्ली लावून दार उघडलं, कारण काकांनी आतून खटका ओढला नव्हता.

काका सीटवर मान टाकून बसले होते.

थंडगार.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. वय झालं होतं. पण पुढे ते जे म्हणाले, त्याने दादाच्या पायाखालची जमीन सरकली.

"जाऊन किमान पाऊण तास झालाय."

पाऊण तास!

म्हणजे नऊ हात...

शेवटचे नऊ हात कुणी दिले?

मॅनेजरने हा प्रश्न विचारलाच नाही. त्याच्यासाठी उत्तर सरळ होतं. दादा बघत नव्हता. कुठेतरी चहा पीत बसला आणि मागाहून सगळ्या खुणा एकदम केल्या. त्याने दादासमोर कागद ठेवला. 'मी न पाहता खुणा केल्या' एवढं लिहून द्या, विषय मिटेल.

"विषय मिटेल म्हणे!" वहिनी घरी तणतणली. "म्हणजे माणूस तुमच्यामुळे गेला असं तुम्हीच लिहून द्यायचं?"

 दादा आपल्या उजव्या पंजाकडे बघत बसला होता.

"अहो, मी तुमच्याशी बोलतेय."

"मी बघितला गं हात," तो हळूच म्हणाला. "प्रत्येक वेळी. माझ्या हातासमोर हात होता."

मॅनेजरची दुसरी अडचण वेगळीच होती. ती गाडी ठरल्या दिवशी पाठवायची होती. तिचे मालक म्हणजे कुठल्याशा देशाचे प्रमुख. त्यांचे अधिकारी ती न्यायला यायचे होते. आणि तपासणीचा तक्ता नव्याने भरल्याशिवाय गाडी दाराबाहेर पडू शकत नव्हती. पण त्या गाडीत बसायला कुणी तयार होईना. सगळ्यांनी हात वर केले.

दादा म्हणाला, "मी बसतो."

घरी हे कळल्यावर वहिनीने हातातलं भांडं ओट्यावर आपटलं.

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

"एकदा बसायचंय मला तिथे. आतून काय दिसतं ते बघायचंय. नाहीतर मी आयुष्यभर हाच विचार करत राहीन, की माझंच चुकलं का."

"आणि बाहेर कोण उभं राहणार? तो मॅनेजर? तो तर पाच मिनिटं फोन कानाला न लावता उभा राहू शकत नाही."

दादाने तिच्याकडे बघितलं.

वहिनीला कळलं.

"मी?"

"तुझ्याशिवाय कुणावर विश्वास ठेवू?"

वहिनी नाही म्हणू शकली नाही. तिच्या मनात एकच होतं. हा माणूस आत जाणारच आहे, तर याला जिवंत बाहेर काढायला मीच तिथे असलेली बरी.

त्याच संध्याकाळी दादाने मला तो फोन केला होता. दोन ते तीन. काहीही झालं तरी.

दुसऱ्या दिवशी कारखाना बंद होता. फाटकावर वॉचमन, बाकी कुणी नाही. मॅनेजर सकाळी येऊन तक्ता तंबूतल्या फळीला अडकवून गेला होता. 'संध्याकाळी येऊन बघतो' म्हणाला.

एवढ्या मोठ्या शेडमध्ये दोघांच्याच पावलांचा आवाज. उंचावरच्या खिडक्यांतून ऊन सरळ खाली येत होतं. मधोमध तंबू. तंबूत ती गाडी.

वहिनीने त्या गाडीच्या सीटवर तीन आठवडे काम केलं होतं. प्रत्येक टाका तिच्या हातचा. तरी त्या दिवशी ती गाडी तिला अनोळखी वाटली.

"मागच्या सीटची उजवी बाजू," दादा म्हणाला. "उजव्या काचेवर हात देईन. घाबरायचं नाही. आणि जागा..."

"...सोडायची नाही. कळलं हो. शंभरदा सांगितलंत."

"एकशे एक."

तो आत बसला. वहिनीच्या डोळ्यांदेखत त्याने हवेच्या टाकीची चावी फिरवली. फुस्स आवाज आला. काटा हलला. हे लक्षात ठेवा. चावी त्याने उघडली होती, आणि ते वहिनीने स्वतः पाहिलं होतं.

मग दार लागलं. जड, संथ. शेवटी फक्त 'थप्' असा आवाज.

आणि दादाचा आवाज मधेच तुटला. तो काहीतरी बोलत होता. दाराच्या शेवटच्या फटीतून ओठ हलताना दिसले, एवढंच.

वहिनीने तोंडावर मास्क बांधला. यंत्राचं बटण दाबलं. धूर यायला लागला. आधी पायाशी, मग कमरेपर्यंत, मग सगळीकडे पांढरं. गाडीही दिसेना. समोर हातभर काळी काच, बस.

दोन वाजून पाच.

तिने पंजा टेकवला. काच गार होती.

आतून पंजा आला. त्याच जागी. बोटाला बोट लावून. आणि पंजाभोवती काचेवर वाफ धरली. आतल्या माणसाच्या श्वासाची, अंगाच्या उबेची वाफ.

वहिनीचा जीव भांड्यात पडला. तिने खूण केली.

दोन दहा. हात आला. वाफ आली.

दोन पंधरा. हात. वाफ.

दोन वीस. यावेळी दादाने मुद्दाम करंगळी हलवली. वहिनी मास्कच्या आत हसली. "वेडाच आहे हा माणूस," ती स्वतःशीच म्हणाली.

दोन पंचवीस. हात आला. तिने खूण केली.

आणि तिच्या खिशात फोन वाजला.

तो फोन माझा होता.

काय सांगू. माझी मुलगी दीड वर्षाची. ती शिंकली तरी मी वहिनीला फोन करते, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दुपारी तिला दोनदा उलटी झाली. अंग तापलं. नवरा बाहेरगावी होता. दादाने काय सांगितलंय, हे माझ्या डोक्यातून पार गेलं होतं. खरं सांगायचं तर... पार गेलं नव्हतं. आठवलं होतं. पण मी म्हटलं, असेल काहीतरी त्याचं. मूल महत्त्वाचं.

वहिनीने पहिला फोन वाजू दिला. दुसराही. तिसऱ्याला तिने फोन बाहेर काढला. माझं नाव. चौथ्यांदा वाजला. चार-चार वेळा? बाळाला काही झालं का?

तिने तिथूनच फोन उचलला. माझा आवाज तुटक तुटक येत होता. पत्र्याची शेड, आत पोलाद. "...वहिनी... बाळ... डोळे..." एवढंच तिला ऐकू आलं.

डोळे? कसले डोळे?

तिने काचेकडे बघितलं. पुढच्या हाताला अजून तीन मिनिटं होती. शेडचं दार वीस पावलांवर.

दोन मिनिटांत येते, असं म्हणून ती तंबूबाहेर पडली.

मी म्हणत होते, "बाळ डोळे उघडत नाहीये नीट, सारखं झोपतंय." वहिनीने सगळं विचारलं. किती ताप, पाणी पितंय का, लघवी झाली का. मला धीर दिला. ओल्या फडक्याने अंग पुसायला लावलं, आणि मी पुसेपर्यंत फोन ठेवला नाही. माझी मुलगी रडायला लागली, तेव्हा वहिनीच म्हणाली, "रडतेय ना? मग काही झालेलं नाही तिला. घाबरट आई कुठली. मी नंतर फोन करते."

तिला वाटलं, दोन मिनिटं झाली.

फोनमध्ये नंतर बघितलं. नऊ मिनिटं चाळीस सेकंद.

ती धावत तंबूत शिरली तेव्हा दोन वाजून सदतीस मिनिटं झाली होती. दोन हात चुकले होते. पण मग तिला आठवलं, बाहेरून हात आला नाही तर आतल्याने खटका ओढायचा. म्हणजे आता दार उघडं असेल. दादा बाहेर उभा असेल, कमरेवर हात ठेवून. आता ओरडा बसणार.

धुरात तिने दाराला हात लावला.

दार बंद होतं.

"अहो?"

उत्तर येणार नव्हतंच. तरी तिने हाक मारली.

दोन चाळीस झाले. तिने पंजा काचेवर ठेवला.

आतून...

हात आला.

त्याच जागी. बोटाला बोट लावून.

वहिनीने डोळे मिटून सुस्कारा सोडला. चिडला नाही वाटतं. समजून घेतलं त्याने. तिने पेन काढलं आणि तक्त्याकडे वळली.

तक्त्यावर दोन तीसच्या चौकोनात खूण होती.

दोन पस्तीसच्या चौकोनातही.

पेन तर तिच्या खिशात होतं...

ती सावकाश पुन्हा काचेकडे वळली. हात अजून तिथेच होता. एरवी दादा लगेच काढून घ्यायचा. हा हात काचेला चिकटून होता. न हलता. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, काय कमी आहे ते.

वाफ नव्हती.

हाताभोवती काच कोरडी होती. स्वच्छ. जणू त्या हाताला ऊबच नव्हती.

पद्धत अशी, की फक्त हात बघायचा. बावीस वर्षं त्या कारखान्यात सगळ्यांनी फक्त हातच बघितला. काचेतून आत डोकवायचं कुणाला सुचलंच नाही. हात आला म्हणजे माणूस ठीक आहे. संपलं.

वहिनीने फोनचा दिवा लावला. तो काचेला टेकवला. शेजारी कपाळ टेकवलं, मोकळ्या हाताने आडोसा केला.

आधी फक्त काळोख. मग सीटची कड दिसली. तिचेच टाके. मग दादाचा गुडघा.

मग दादाचे हात.

दोन्ही हात. मांडीवर. एकात एक गुंतवलेले.

मान मागे पडलेली. तोंड अर्धवट उघडं.

आणि काचेवर, तिच्या कपाळापासून चार बोटांवर...

तो पंजा.

मनगटापर्यंत दिसत होता. त्याच्या मागे काही नव्हतं.

वहिनी सांगते, ती किंचाळली नाही. किंचाळायला वेळच नव्हता. तिच्या डोक्यात फक्त किल्ली होती. आणीबाणीची किल्ली शेडच्या दाराजवळच्या फळीवर. वीस पावलं. म्हणजे पुन्हा काच सोडून जायचं. पुन्हा त्याला 'त्याच्या'जवळ सोडायचं.

तिने काचेवरून हात काढला.

आणि आतून आवाज आला.

ठक.

चार बोटं जाड काचेतून. जिथून गोळीचा आवाज येत नाही, तिथून.

ठक... ठक.

जणू म्हणत होतं, जाऊ नकोस. हात दे.

ती धावली. तंबूच्या दोरीत अडकून पडली, गुडघा फुटला, तशीच उठली. किल्ली ओढून घेतली, वॉचमनच्या नावाने बोंब मारली आणि परत आली. मागून ठक-ठक चालूच होती. संथ. घाई नसल्यासारखी. तिने किल्ली लावली आणि दोन्ही हातांनी दार ओढलं. तेवढ्यात वॉचमनही पोहोचला, त्यानेही जोर लावला.

दार उघडलं, तशी ठक-ठक थांबली.

दादाचे ओठ निळे पडले होते. श्वास होता. अगदी बारीक, तुटत तुटत. पण होता.

आत दुसरं कुणी नव्हतं.

हवेची टाकी भरलेली होती. काटा शेवटच्या रेषेवर. चावी घट्ट बंद. वॉचमनला ती दोन्ही हातांनीही फिरवता आली नाही.

पुढे कारखान्यातली जाणकार माणसं म्हणाली, एवढ्या मोठ्या गाडीत टाकी बंद असली तरी एका माणसाला आतली हवा तासभर सहज पुरते. मग ओठ निळे का पडले?

दादा वाचला. मी रात्री हॉस्पिटलमध्ये पोहोचले, तेव्हा वहिनी बाकावर बसली होती. गुडघ्याचं रक्त सुकलेलं. मी तिच्या पायाशीच बसले. "माझ्यामुळे झालं," म्हटलं. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाली, "बाळाचा ताप उतरला का?"

आजवर तिने मला एका शब्दाने बोल लावलेला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी दादा बोलला. तेवढंच. त्या विषयावर नंतर कधीही नाही.

वहिनीने त्याला विचारलं, "मी दोन हात चुकवले. तुम्ही बाहेर का नाही पडलात?"

तो गोंधळला.

"चुकवलेस कुठे? तुझा हात होता ना काचेवर. सारखा होता. तू काढतच नव्हतीस. मला बरं वाटत होतं... मग झोप आली."

मॅनेजरला वहिनीने सगळं सांगितलं. मी जागा सोडली होती, गाडी पाठवू नका, हात जोडते. मॅनेजरने शांतपणे ऐकून घेतलं. मग टेबलावरचा तक्ता तिच्याकडे सरकवला.

तक्ता भरलेला होता. बाराच्या बारा चौकोन. दोन चाळीसची खूण करायची राहून गेली होती, ती पण. दोन पंचेचाळीस, पन्नास, पंचावन्न, तीन. तेव्हा तर दादा गाडीबाहेर होता आणि काचेसमोर कुणीच नव्हतं.

"तपासणी पूर्ण दिसतेय," मॅनेजर म्हणाला. "तुमच्या मिस्टरांना नंतर चक्कर आली असेल."

वहिनी मला म्हणाली, "काकांच्या वेळी तक्ता खोटा होता आणि डॉक्टर खरा. आता तक्ता खरा आणि मी खोटी."

गाडी ठरल्या दिवशी गेली. कुणाकडे गेली, ते आम्हाला कळत नाही. कधीच कळत नाही. पण टीव्हीवर बातम्यांत तशा काळ्या गाड्यांचा ताफा दिसला, की मी आवाज बंद करते आणि मागच्या काचेकडे बघते. कधीकधी काळ्या काचेवर एक पंजा दिसतो. रस्त्यावरचे लोक टाळ्या वाजवतात, हात हलवतात. त्यांना वाटतं, साहेबांनी हात दाखवला.

चेहरा दिसत नाही.

दादाला घरी येऊन आता सात आठवडे झाले. कामावर जात नाही. जेवतो, झोपतो, खिडकीशी बसतो. मी दुसऱ्या शहरात, पदरात लहान मूल, सारखं जाणं होत नाही. म्हणून रोज सकाळी त्याला मेसेज करते. 'बरा आहेस ना?'

रोज उत्तर येतं. शब्द नाहीत. तो पूर्वीसारखं लिहीत नाही. नुसतं हाताचं चित्र. उघडा पंजा.

मी समजायचे, ठीक आहे. आजारी माणूस, एवढं पाठवतोय हेच खूप. एकोणपन्नास दिवस मी तो पंजा बघून कामाला लागले.

काल बोलता बोलता वहिनीला म्हटलं, "दादा मेसेजला उत्तर न चुकता देतो हं."



ती म्हणाली, "कुठल्या फोनवरून?"

दादाचा फोन हॉस्पिटलमध्ये त्याच्या कपड्यांबरोबर मिळाला, तो तिने तसाच पिशवीत घालून कपाटात ठेवलाय. बंद. तिने माझ्यासमोर व्हिडिओ कॉलवर कपाट उघडून तो दाखवला. काळा पडदा. चालू करायचं बटण दाबलं, तर बॅटरी केव्हाच संपलेली.

आज सकाळी मी मेसेज केला नाही.

सव्वाआठला पंजा आला. आपणहून.

मी तिकडे निघाले आहे. मुलगी कडेवर आहे, बस अर्ध्या तासाने सुटेल, आणि तोवर हे लिहितेय. कारण मला एक विचारायचंय तुम्हाला. तुमचंही कुणीतरी असेल. वडील, बहीण, एकटी राहणारी मैत्रीण. बरेच दिवसांत भेट नाही. विचारलं की पलीकडून नुसतं एक चित्र येतं, अंगठा नाहीतर हात, आणि तुम्ही म्हणता, चला, ठीक आहे.

तेवढ्यावर थांबू नका. उठा. त्यांच्या दारापर्यंत जा. दार उघडायला लावा.

चेहरा बघा.